वीस गुणांची सवलत आणि बीजगणिताचं परतीचं दार

दहावीला गणितात आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी अकरावीत जाता येईल, अशी बातमी ऑक्टोबर २०२४ मध्ये आली, तेव्हा आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये सरळ दोन तट पडले. एक म्हणे, "अल्लाहचं शुक्र, निदान गणितामुळे पोरी घरी तरी बसणार नाहीत." दुसरा म्हणे, "मग आता गणित शिकणार कोण?" मी त्या दिवशी गप्प राहिले. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि इतिहास-भूगोल शिकवते. गणिताशी माझा संबंध दहावीनंतर तुटला तो तुटलाच. पण नंतर घरातच असं काही घडलं की या विषयावर गप्प राहणं मला जमेना.

आधी प्रस्ताव नीट समजून घेऊ, कारण मोहल्ल्यात त्याची अर्धीच बातमी फिरते आहे.

सवलत आहे, शेराही आहे

राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने शालेय शिक्षणाचा जो नवा अभ्यासक्रम आराखडा तयार केला, त्यात ही तरतूद आहे. गणित किंवा विज्ञानात ३५ पेक्षा कमी पण २० किंवा त्याहून जास्त गुण मिळाले, तर विद्यार्थ्याला पुढे जाता येईल. मात्र त्याच्या गुणपत्रिकेवर शेरा असेल की हा विद्यार्थी पुढे गणित किंवा विज्ञानावर आधारित शिक्षण घेऊ शकणार नाही. शेरा नको असेल त्याने पुन्हा परीक्षेला बसावं. नवा अभ्यासक्रम दहावीपर्यंत पोहोचेल तेव्हाची ही गोष्ट. आज उत्तीर्ण होण्याची अट ३५ गुणांचीच आहे, हे पालकांनी लक्षात ठेवावं. "आता वीसला पास" असं समजून यंदाच्या पोराने अभ्यास सोडला तर नुकसान त्याचंच आहे.

या प्रस्तावामागचा हेतू वाईट नाही. गणितात अडकलेलं पोर ऑक्टोबर-जुलैच्या चकरा मारून कंटाळतं आणि शाळेचा नाद सोडतं, हे आम्ही शिक्षक दरवर्षी बघतो. मुलगा असेल तर गॅरेजला लागतो. मुलगी असेल तर "आता काय करायचं बसून" म्हणून रिश्ते बघायला सुरुवात होते. एका विषयासाठी चांगली वाचणारी, लिहिणारी, बोलणारी मुलगी दहावी नापास म्हणून आयुष्यभर राहते. तिला अकरावीत बसू देणारी कुठलीही वाट मी नाकारणार नाही.

पण हिशोब करा. आजच्या पद्धतीत गणिताचे १०० गुण असे आहेत: भाग १ म्हणजे बीजगणित ४०, भाग २ म्हणजे भूमिती ४०, आणि अंतर्गत मूल्यमापन २०. अंतर्गत गुण देताना हात किती सैल असतो हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको. हीच रचना राहिली तर २० गुणांचा अर्थ असा, की लेखी पेपर जवळपास कोरा ठेवूनही पोर पुढे जाईल. आणि त्याच्या कागदावर सोळाव्या वर्षी एक ओळ कायमची लिहिली जाईल.

माझा प्रश्न त्या ओळीबद्दल आहे. सवलत द्या, जरूर द्या. पण ती ओळ पुसण्याची सोय कुठे आहे? दार बंद करताना कडी आतून घालताय की बाहेरून, हे आधी ठरायला हवं.

कोणती दारं बंद होतात?

शेरा येईल तेव्हा येईल. आपल्या घरांत तो शेरा आजच, न लिहिता, मारला जातो. दहावीला गणितात ४० गुण पडले की घरचे म्हणतात, "चलो, छूट गए." मुलगी कला शाखेत जाते, गणित संपतं. कॉमर्सला गेली तर "मॅथ्स घ्यायचं की एसपी" हा प्रश्न येतो आणि दहापैकी नऊ घरांत उत्तर ठरलेलं असतं. एसपी, म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती. विषय वाईट नाही, पण तो निवडताना कुणी हे विचारत नाही की गणित सोडल्याने पुढे काय काय सुटतं.

काय सुटतं ते पाहू. पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत १०० गुणांत अंकगणित आणि बुद्धिमत्ता चाचणी आहे. राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर, ज्याला मुलं 'सीसॅट' म्हणतात, तो पात्रतेपुरता असला तरी ३३ टक्के मिळाल्याशिवाय पहिला पेपर तपासण्यात अर्थच उरत नाही. बँकांच्या परीक्षेत संख्यात्मक चाचणी आहे. पॉलिटेक्निकच्या पहिल्या सत्रात 'बेसिक मॅथेमॅटिक्स' आहे आणि त्याची सुरुवातच बीजगणिताने होते. कॉम्प्युटरमधल्या एमसीए या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला कला किंवा वाणिज्य पदवीधरही जाऊ शकतो, पण बारावीला किंवा पदवीला गणित असावं अशी अपेक्षा असते.

आणि शिक्षकी पेशा? आपल्या समाजातल्या शिकलेल्या मुलींचा हा पहिला आसरा. पहिली ते पाचवीच्या शिक्षक पात्रता परीक्षेत, म्हणजे टीईटीत, १५० पैकी ३० गुण गणिताचे आहेत. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सेवेची पाच वर्षांहून अधिक वर्षं उरलेल्या कार्यरत शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवला आहे. त्या निकालानंतर खालच्या वर्गांना शिकवणाऱ्या माझ्या कितीतरी ओळखीच्या बायका वीस वर्षांनी पुन्हा अपूर्णांक आणि शेकडेवारी घेऊन बसल्या आहेत. ज्या विषयाला आपण पंधराव्या वर्षी खुदा हाफिज म्हटलं, तो चाळिशीत परत दाराशी येऊन उभा राहतो.

हे सगळं कुठल्या पार्श्वभूमीवर घडतंय तेही बघा. २०११ च्या जनगणनेत देशात मुस्लिम लोकसंख्या १४.२ टक्के. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०२०-२१ साली कॉलेज-विद्यापीठांतल्या एकूण विद्यार्थ्यांत मुस्लिम विद्यार्थी ४.६ टक्के. त्या वर्षी संख्या आदल्या वर्षीपेक्षा सुमारे १.८ लाखांनी घटून १९.२१ लाखांवर आली. पुढच्या वर्षी ती सावरली, पण वाटा पाच टक्क्यांच्या आतच राहिला. याला गरिबी आहे, भेदभाव आहे, कोविड होता, बंद झालेल्या शिष्यवृत्त्या आहेत. प्रत्येक गोष्टीसाठी भांडायलाच हवं. पण जी पाच टक्के मुलं दारातून आत गेली आहेत, ती आत गेल्यावर कोणत्या खोलीत बसतात, हाही प्रश्न आहे. आणि ती खोली पुष्कळदा गणितच ठरवतं.

भाचीचा फॉर्म

आता घरची गोष्ट. माझी भाची शिवाजी पेठेतल्या एका कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला गेली. शाळा उर्दू माध्यमाची, दहावीला गणितात ४१. अब्बा रिक्षा चालवतात. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाला मुख्य विषयाबरोबर एक खुला ऐच्छिक विषय असतो, तोही आपल्या शाखेबाहेरचा. म्हणजे कलेच्या विद्यार्थ्याने विज्ञान किंवा वाणिज्य शाखेतला एखादा विषय निवडायचा. तिच्या यादीत 'बीजगणिताची ओळख' अशा धर्तीचा एक दोन श्रेयांकांचा विषय होता.

फॉर्म घेऊन ती माझ्याकडे आली. म्हणाली, "खाला, हे घेऊ का? मैत्रिणी म्हणतात वेडी आहेस, सोपं काहीतरी घे, गुण पडतील." माझी बहीण फोनवर म्हणाली, "छोकरी कू गणित का क्या करने का है?" मी पण तेच म्हणणार होते. मग मला आठवलं, मला दहावीला ३८ होते आणि माझ्या अब्बांनी अगदी हेच वाक्य उच्चारलं होतं. त्यांचा हेतू मायेचाच होता. मी म्हटलं, "घे. मी पण तुझ्याबरोबर करते."

एक श्रेयांक म्हणजे १५ तास. दोन श्रेयांक म्हणजे ३० तास. एका सत्रात, सण-सुट्ट्या धरून, एवढाच वेळ. तेवढ्यात संच, एका चलातली आणि दोन चलांतली रेषीय समीकरणं, वर्गसमीकरण, शेकडेवारी-व्याज, थोड्या सारणी. यातलं निम्म्याहून अधिक नववी-दहावीच्या पुस्तकात आहेच. म्हणजे कॉलेजात शिरून मुलीने जे शिकलं ते नवीन नव्हतं, राहून गेलेलं होतं. मी ज्याला परतीचं दार म्हणते ते हेच.

पहिल्या चाचणीत तिला २० पैकी ६ पडले. आम्ही दोघींनी पेपर स्वयंपाकघरातल्या ओट्याशी बसून तपासला. एका ठिकाणी प्रश्न होता, ५ − (क्ष − ३) सोपं करा. तिने लिहिलं २ − क्ष. उत्तर ८ − क्ष. कंसाबाहेर वजा असेल तर आतली सगळी चिन्हं बदलतात. तिने पहिल्याचंच बदललं. दुसऱ्या ठिकाणी दोन अपूर्णांकांची बेरीज करताना छेदांची बेरीज केली होती. सहापैकी पाच चुका अशाच. वर्गसमीकरणाचं सूत्र तिला पाठ होतं, तोंडपाठ! अडलं होतं ते सहावी-सातवीत.

मला यातून एक गोष्ट लखलखीत कळली. आपली मुलं "बीजगणित डोक्यावरून जातं" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा बीजगणिताचा दोष नसतो. खाली दोन विटा निखळलेल्या असतात: वजा चिन्ह आणि अपूर्णांक. त्या बसवायला बुद्धी लागत नाही, वेळ लागतो. आम्ही तीन आठवडे रोज इशाच्या नमाजनंतर अर्धा तास फक्त तेवढंच केलं. कॉलेजच्या प्राध्यापकांना तिने सरळ जाऊन सांगितलं की माझं इथे अडतं. त्यांनी तासानंतर दहा मिनिटं देऊ केली. पुढच्या चाचणीत १३ आले. सत्राच्या शेवटी ती उत्तीर्ण झाली. पहिला वर्ग वगैरे काही नाही. पण आता ती स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातलं गणिताचं प्रकरण गाळून पुढे जात नाही. मी सुद्धा नाही.

तालीम हा शब्द दोन्हीकडे आहे

शिवाजी पेठेत राहणाऱ्याला तालमीची ओळख करून द्यावी लागत नाही. पेठेचं नाव तालमींशी आणि फुटबॉलशी बांधलेलं आहे. आपण उर्दूत 'तालीम' म्हणतो ती शिक्षणाला, कोल्हापूरकर 'तालीम' म्हणतो ती कुस्तीच्या आखाड्याला. शब्द एकच, अरबीतून आलेला. अर्थही फार लांब नाहीत: वस्तादासमोर रोज उतरायचं, पडायचं, उठायचं.

बीजगणिताचंही तसंच आहे. 'अल्जेब्रा' हा शब्द अरबीतल्या 'अल-जब्र'वरून आला. जब्र म्हणजे मोडलेलं, निखळलेलं परत जागेवर बसवणं. हाड बसवण्यालाही हाच शब्द. स्पॅनिशमध्ये पूर्वी हाडवैद्याला 'अल्जेब्रिस्ता' म्हणत. आपल्याकडे कुस्तीत हाड निखळलं की पोराला हाड बसवणाऱ्या वस्तादाकडेच नेत आले. समीकरणाच्या एका बाजूला वजा असलेलं पद दुसऱ्या बाजूला अधिक करून नेणं, हा झाला जब्र. दोन्ही बाजूंची सारखी पदं उडवणं, हा 'मुकाबला'. बगदादमध्ये खलिफा मामूनच्या काळात, इसवी सन ८२० च्या सुमारास, मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मीने या दोन शब्दांना आपल्या पुस्तकाच्या नावात बसवलं. त्या पुस्तकात क्ष नाही, अधिक-वजाची चिन्हं नाहीत, सगळं शब्दांत आहे. अज्ञात संख्येला तो 'शय' म्हणजे वस्तू म्हणतो, तिच्या वर्गाला 'माल'.

इथे एक सावधगिरी. हे ऐकून आपल्या जलशांत टाळ्या पडतात: "बीजगणित तर आमचं!" त्या टाळ्यांनी पेपर सुटत नाही. आणि ते एकट्या कुणाचं नाहीच. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये शून्य आणि ऋण संख्यांचे नियम लिहून ठेवले होते. भास्कराचार्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ बाराव्या शतकातला. तो १६३४-३५ च्या सुमारास शाहजहानच्या काळात अताउल्लाह रुश्दीने फारसीत आणला, ज्याचे वडील उस्ताद अहमद ताजमहालाचे वास्तुकार मानले जातात. ज्ञान असं हातोहात फिरत आलं आहे. ज्याने ते हातात घेतलं, ते त्याचं झालं. वारसा सांगून मिळत नाही, सोडवून मिळतो.

वारशाचा हिशोब, अक्षरशः

वारसा म्हटल्यावर एक गोष्ट सांगायलाच हवी. ख्वारिझ्मीच्या त्या पुस्तकाचा मोठा भाग वसीयत आणि वारसा-वाटपाच्या उदाहरणांचा आहे. लोकांना वाटप, व्यापार, जमिनीची मोजणी यांत उपयोगी पडावं, म्हणून त्याने ते लिहिलं.

आपल्या घरांत आजही मीरास वाटताना किती भांडणं होतात! एक साधं उदाहरण घेऊ. एका माणसाचं निधन झालं. मागे बायको, एक मुलगा, दोन मुली. आई-वडील हयात नाहीत. कफन-दफनाचा खर्च आणि कर्ज फेडल्यावर १६ लाख उरले, वसीयत नाही. बायकोचा हिस्सा आठवा, म्हणजे २ लाख. उरले १४ लाख. मुलीचा हिस्सा क्ष धरा. मुलाचा त्याच्या दुप्पट, २क्ष. मग २क्ष + क्ष + क्ष = १४, म्हणजे ४क्ष = १४, म्हणून क्ष = साडेतीन. प्रत्येक मुलीला साडेतीन लाख, मुलाला सात, आईला दोन. बेरीज करा, सोळा येते.

हे उदाहरण मी दहावीच्या मुलींना सांगितलं तेव्हा वर्गात पहिल्यांदा कुणी जांभई दिली नाही. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्या अम्मीला तर काहीच मिळालं नाही." दुसरी म्हणाली, "मिळालं होतं, पण किती ते कुणी सांगितलंच नाही." बघा, गणित न येण्याची किंमत इथे गुणांत मोजता येत नाही. ज्याला क्ष मांडता येतो त्याला आपला हिस्सा विचारता येतो. ज्याला येत नाही, त्याने भाऊ सांगेल ती रक्कम मुकाट घ्यायची. बचत गटाचं व्याज, सोनारकामातली घट, मोबाईलचा हप्ता, घराचं कर्ज, सगळीकडे हेच. दहावीच्या बीजगणितात 'अर्थनियोजन' नावाचं प्रकरण आहे, त्यात जीएसटीसुद्धा आहे. आपल्या व्यापारी घरांतली पोरं ते प्रकरण गाळून पेपरला जातात आणि मग वर्षभर करसल्लागाराच्या दारात उभी राहतात.

तीन भाषांतली एकच गोष्ट

उर्दू माध्यमाच्या मुलांची अजून एक अडचण आहे आणि ती बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. शाळेत त्यांनी 'मसावात' शिकलेली असते. कॉलेजात प्राध्यापक 'समीकरण' म्हणतात आणि फळ्यावर 'इक्वेशन' लिहितात. शाळेतलं 'मुतग़य्यिर' इथे 'चल' होतं आणि पुस्तकात 'व्हेरिएबल'. 'दो दर्जी मसावात'चं वर्गसमीकरण होतं, 'कसीर रुक्नी'ची बहुपदी. वरून उर्दू मजकूर उजवीकडून डावीकडे वाचायचा आणि त्याच ओळीतलं समीकरण डावीकडून उजवीकडे. ही सवय त्यांना दहा वर्षं असते, म्हणून कुणाला जाणवत नाही. पण कॉलेजच्या पहिल्या महिन्यात पोराला वाटतं, इथलं सगळं नवीन आहे, मला काहीच येत नाही. प्रत्यक्षात त्याला येत असतं, फक्त नाव माहीत नसतं.

माझ्या भाचीने वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने पाडले होते: उर्दू, मराठी, इंग्रजी. सत्र संपेपर्यंत साठ-सत्तर शब्द जमले. आता ते पान तिच्या दोन मैत्रिणींच्या वहीत आहे. हे काम खरं तर शाळांनी दहावीच्या सुट्टीत करायचं आहे. आमच्यासारख्या द्विभाषिक शिक्षकांना एका दुपारचं काम आहे ते, आणि आम्ही ते केलेलं नाही, हे मी आधी कबूल करते.

कोल्हापूरने हे पूर्वी केलेलं आहे

कोल्हापुरात बसून "आमच्यासाठी कुणी काही केलं नाही" असं म्हणता येत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी उभी केली, मुस्लिम बोर्डिंग सुरू झालं. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याचा निर्णय झाला. १९२० मध्ये प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग निघालं. शिवाजी पेठेतलं न्यू कॉलेज त्याच संस्थेचं. महाराजांनी नेमकं काय ओळखलं होतं? खेड्यातलं पोर हुशार असूनही शहरात राहायला जागा नाही म्हणून परत जातं, ही त्या काळची अडचण. त्यांनी ती अडचण शोधली आणि जाती-जमातीनिहाय वसतिगृहं उभी केली.

आज जागेची अडचण पूर्वीइतकी नाही. आज पोर अडतं ते त्या निखळलेल्या दोन विटांवर. म्हणून उपायही तिथेच हवा.

सरकारकडे आपली मागणी साधी असावी. २० गुणांची सवलत आणायची तर आणा, पण त्याबरोबर अकरावी-बारावीत एक पायाभूत गणित अभ्यासक्रम द्या, आणि तो पूर्ण करणाऱ्याच्या कागदावरचा शेरा काढा. सोळाव्या वर्षीचा निर्णय अठराव्या वर्षी बदलता आला पाहिजे. सीबीएसईने २०२० च्या दहावीपासून गणिताचे बेसिक आणि स्टँडर्ड असे दोन स्तर केले, तेव्हाही हाच प्रश्न होता: खालच्या स्तरावरून वरच्या स्तरावर जायची वाट कोणती? वाट नसेल तर सवलतीची भिंत होते.

कॉलेजांकडे मागणी ही, की बीजगणिताचा ऐच्छिक विषय यादीत नावापुरता ठेवू नका. राज्यभर प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांच्या जिवावर वर्ग चालतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही पहिले पाच तास फक्त चिन्हं आणि अपूर्णांकांना दिले तर पुढचे पंचवीस तास वाया जाणार नाहीत.

आणि आपण? आपल्यासाठी तीन गोष्टी, ज्यांना सरकारी आदेश लागत नाही.

एक, जूनमध्ये फॉर्म भरताना मुलाबरोबर किंवा मुलीबरोबर कोणीतरी शिकलेलं माणूस बसू द्या. सायबर कॅफेवाल्याला "जो सोपा आहे तो टाक" असं सांगू नका. गणिताचा विषय यादीत आहे का ते विचारा. आणि एमसीएसारखं काही मनात असेल तर दोन श्रेयांकांचा विषय त्या पात्रतेला पुरतो का, हे कॉलेजात आधीच लेखी विचारून घ्या. एका ऐच्छिक विषयाने सगळी दारं उघडतील असं मी म्हणत नाही; पण दाराजवळ तरी पोहोचता येतं.

दोन, दहावीचा पेपर आणि अकरावी सुरू होणं यांत अडीच-तीन महिने असतात. मशिदीचा हॉल, जमातखाना, शाळेची रिकामी खोली, काहीही चालेल. रोज एक तास, वजा चिन्ह आणि अपूर्णांक. निवृत्त शिक्षक प्रत्येक मोहल्ल्यात आहेत आणि त्यांना बोलावलं तर ते येतात. मुलींसाठी वेळ दुपारची ठेवा, म्हणजे घरचे अडवणार नाहीत.

तीन, "छोकरी कू गणित का क्या करने का" हे वाक्य बंद करा. ते मायेने म्हटलं जातं, म्हणूनच त्याने जास्त नुकसान होतं. शासनाचा शेरा अजून कागदावर यायचा आहे. हा शेरा मात्र आपण तीन पिढ्या मारत आलो आहोत आणि तो पुसायला कुठल्याही बोर्डाची परवानगी लागत नाही.

परवा भाचीचे अब्बा रिक्षा लावून माझ्याकडे आले. नवीन रिक्षासाठी दोन ठिकाणच्या कर्जाचे कागद हातात होते. एकाचा हप्ता कमी आणि मुदत जास्त, दुसऱ्याचं उलट. मला म्हणाले, "जरा देखो तो." मी कागद भाचीकडे सरकवले. तिने वहीचं पान उघडलं, वर लिहिलं 'समजा क्ष', आणि मग आम्हाला दोघांना समोर बसवून समजावून सांगितलं.